श्वासाचं मशीन नाकारणं ही कॅथलिक दृष्टीने आत्महत्या होते का?

आगाशीची लेक

नमस्कार मंडळी. मी मूळची वसईची, कॅथलिक, लग्नानंतर पुण्यात. पप्पांना मोटर न्यूरॉन डिसीज आहे, म्हणजे स्नायूंना चालवणाऱ्या नसा हळूहळू मरत जातात. आधी बोलणं अडखळायला लागलं, मग घास. आता चहासुद्धा ठसका लागल्याशिवाय उतरत नाही. डोकं मात्र पूर्ण शाबूत. बोलता येत नाही म्हणून नातवाची पाटी घेऊन बसतात, आणि आईने भाजीवालीला दोन रुपये जास्त दिले तर पाटीवर हिशोब मांडून तिला दाखवतात.

न्यूरॉलॉजिस्टनी दोन गोष्टी सांगितल्यात. एक म्हणजे पोटातून थेट जठरात जाणारी नळी, ज्याला ते पेग म्हणतात, ती लवकर बसवून घ्या. दुसरी म्हणजे पुढे छातीचे स्नायू थकतील तेव्हा गळ्याला भोक पाडून व्हेंटिलेटर लावायचा की नाही, ते आत्ताच ठरवा, ऐनवेळी कॅज्युअल्टीच्या दारात ठरवू नका. पप्पांनी पाटीवर लिहिलं, "मशीन नको. गळ्याला भोक नको. रात्रीचा मास्क चालेल." (मास्क म्हणजे झोपेत श्वासाला मदत करणारा, नाका-तोंडावर लावायचा.) पेगचा विषय काढला की पाटी पुसतात.

दादा टोरोंटोला असतो. व्हिडिओ कॉलवर तो म्हणाला, "हे इच्छामरणच झालं. जन्मभर रविवारची मिस्सा चुकवली नाही आणि शेवटी आत्महत्येचं पाप?" आई रडायला लागली. पप्पांनी पाटीवर नुसतं प्रश्नचिन्ह काढून कॅमेऱ्यासमोर धरलं.

त्यात माझा नवरा अट्टल नास्तिक. तो म्हणतो, "जीवन ही देवाची देणगी, म्हणून ते टाकता येत नाही, हा तुमचा सगळा डोलारा देव आहे या गृहीतकावर उभा. आधी देव सिद्ध करा, मग सासऱ्यांना पाप-पुण्य शिकवा." भांडण दादाशी आणि ऐकायचं मी.

फादरांशी बोलणारच आहोत, पण मला कारणमीमांसा हवी आहे. चर्च नेमकं काय म्हणतं, आणि का? कृपया "तुमच्या मनाला पटेल ते करा" असं लिहू नका. मनाला काय पटतं तेच कळत नाहीये.

तर्कट

तुमच्या वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं. पण मराठी माणसाला हा प्रश्न नवा नाही. सावरकरांनी १९६६ मध्ये अन्न-औषध सोडलं. विनोबांनी १९८२ च्या नोव्हेंबरात पवनारला तेच केलं. कोणी त्यांना आत्महत्या केली म्हणत नाही, प्रायोपवेशन म्हणतात. जैनांच्या संथाऱ्याला, म्हणजे मरेपर्यंतच्या उपवासाच्या व्रताला, राजस्थान हायकोर्टाने २०१५ मध्ये आत्महत्या ठरवलं, तर त्याच महिन्यात सुप्रीम कोर्टाने तो निकाल स्थगित केला. मग एका आजारी माणसाने मशीन नाकारायला रोमची परवानगी कशाला?

तुमच्या मिस्टरांचा मुद्दा बिनतोड आहे. ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने तो अठराव्या शतकातच मांडलाय. आयुष्याची लांबी ठरवणं हे फक्त देवाचं काम असेल, तर डोक्यावर पडणारा धोंडा चुकवणंही देवाच्या कामात ढवळाढवळच. औषध घेणं पण तेच. एक तर दोन्ही पाप, नाही तर दोन्ही नाही.

भुईगावकर

ताई, माझी ओळख आधी सांगतो म्हणजे किती मीठ टाकून वाचायचं ते कळेल. गोरेगावच्या सेमिनरीत, म्हणजे फादर घडवतात तिथे, फिलॉसॉफी पूर्ण केली, थिऑलॉजीच्या उंबरठ्यावरून परत फिरलो. आता वाडी बघतो आणि पहाटेच्या गाडीने फुलं दादरला नेतो. फादर नाही, डॉक्टर नाही.

उत्तर आधी देतो. नाही, ही आत्महत्या नाही. आणि हे कुणा पुढारलेल्या फादरचं खासगी मत नव्हे. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ आली तेव्हा मेडिकलची पोरं पाळीपाळीने हाताने फुगा दाबून रुग्णांना श्वास देत होती. तिथून श्वासयंत्रांचं युग सुरू झालं, आणि पाठोपाठ डॉक्टरांना प्रश्न पडला: लावलं तर काढायचं कधी? लावलंच पाहिजे का? भूलतज्ज्ञांनी तो थेट पोप पायस बारावे यांच्याकडे नेला. २४ नोव्हेंबर १९५७ ला त्यांनी उत्तर दिलं की जीव सांभाळायला माणूस बांधील आहे, पण साधारण उपायांपुरताच, आणि साधारण काय ते माणूस, जागा, काळ बघून ठरतं. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांनी हेही सांगितलं होतं की वेदना थांबवायला दुसरा मार्ग नसेल तर औषधाने आयुष्य थोडं कमी होण्याचा धोका पत्करता येतो. मॉर्फिनची वेळ आली तर घरात पुन्हा हीच रडारड नको, म्हणून आत्ताच लिहून ठेवतो.

दादाला कॅटेकिझम, म्हणजे चर्चच्या शिकवणीचं अधिकृत पुस्तक, उघडायला सांगा. २२७७ व्या परिच्छेदात इच्छामरणाला मनाई आहे. लगेच पुढच्या २२७८ मध्ये म्हटलंय की फार जाचक, धोकादायक किंवा फळाच्या मानाने अवाजवी उपचार थांबवणं योग्य असू शकतं. त्यात मरण घडवायचं नसतं, आपण ते अडवू शकत नाही एवढं स्वीकारायचं असतं. आणि निर्णय रुग्णाचा, तो शुद्धीत असेल तर. लोक पहिला परिच्छेद वाचतात आणि पुस्तक मिटतात.

हा विचार व्हेंटिलेटरपेक्षा चारशे वर्षं जुना आहे. सोळाव्या शतकात स्पेनमधल्या सालामांकाला फ्रान्सिस्को दे व्हितोरिया नावाचा डोमिनिकन संघाचा धर्मगुरू शिकवायचा. त्याचा प्रश्न अगदी खाण्यापिण्याचा: वैद्य सांगतोय की कोंबड्या खाल्ल्यास तर आणखी वीस वर्षं जगशील, तर त्या खाल्ल्याच पाहिजेत का? तो म्हणतो, नाही. मिळेल ते साधं अन्न खा, तुझं कर्तव्य संपलं. आणि आजाराने अन्नावरची वासना इतकी उडाली असेल की घास गिळणं हाच छळ होतो, तर तेवढ्यासाठी त्या माणसाला पापी ठरवू नका. पुढच्या मंडळींनी पाय कापण्याचं उदाहरण घेतलं. भूल नव्हती, चार माणसांनी दाबून धरायचं आणि करवत चालवायची. त्यांचं म्हणणं, जीव वाचत असला तरी एवढं सोसायला कुणी बांधील नाही. १८४६ मध्ये भुलीचं ईथर आलं आणि तेच ऑपरेशन हळूहळू साधारण झालं. म्हणजे उपायाच्या अंगावर साधारण-असाधारण असा शिक्का नसतो. तो या माणसाला किती जड जातो आणि त्यातून त्याला काय मिळतं, हे तोलायचं असतं. गळ्याला भोक, चोवीस तास मशीन, दिवसरात्र कुणीतरी नळीतला कफ ओढून काढत (सक्शन करत) जागं, आणि आजार मात्र पुढे सरकतोच आहे. हे पप्पांना जड वाटलं तर तो त्यांचा हक्क आहे.

स्वतःच्या मनाशी तपासायची एक कसोटी आम्हाला शिकवली होती, ती मला आजही सगळ्यात कामाची वाटते. मशीन नाकारलं आणि पप्पा नुसत्या मास्कवर आणखी दोन वर्षं मजेत जगले, तर त्यांना आपला बेत फसला असं वाटेल का? गोळ्या खाल्लेला माणूस वाचला तर त्याचा बेत फसलेला असतो. पप्पा तर खूश होऊन पाटीवर आणखी दोन वर्षांचे हिशोब करतील. म्हणजे त्यांना नको आहे ते मशीन, आयुष्य नव्हे.

पोप जॉन पॉल दुसरे यांचं शेवटचं वर्ष आठवा. पार्किन्सन्स होता. २४ फेब्रुवारी २००५ ला रोमच्या जेमेल्ली हॉस्पिटलात त्यांच्या गळ्याला भोक पाडलं. मार्चच्या अखेरीस नाकातून अन्नाची नळी घातल्याचं व्हॅटिकनने जाहीर केलं. मग तब्येत कोसळली तेव्हा मात्र ते पुन्हा हॉस्पिटलला गेले नाहीत. स्वतःच्या खोलीतच राहिले आणि २ एप्रिलला गेले. एकाच माणसाने एक उपाय घेतला, दुसरा घेतला, तिसऱ्याला थांबला. त्यांना कुणी आत्महत्या केली म्हणत नाही, संत म्हणतात.

आता दादाची बाजू, कारण तो मूर्ख नाही. कॅनडात २०१६ पासून डॉक्टरने इंजेक्शन देऊन मरण देणं कायदेशीर आहे. २०२१ मध्ये मरण जवळ नसलेल्यांनाही ते खुलं झालं. २०२३ मध्ये तिथल्या दर शंभर मृत्यूंपैकी जवळजवळ पाच असे होते. तिथे चर्चमधून याविरुद्ध बोललं जातं ते बरोबरच आहे, मीही त्याच बाजूचा. पण सतत ते ऐकलं की प्रत्येक "नको" मध्ये माणसाला सुई दिसायला लागते. त्याला सांगा, आपल्याकडे ते इंजेक्शन बेकायदाच आहे आणि पप्पांनी ते मागितलेलंही नाही.

पेगचं काय? इथे मी दादाच्या थोडा जवळ आहे. २००४ मध्ये जॉन पॉल यांनी सांगितलं की नळीने दिलेलं अन्नपाणी हे तत्त्वतः साधारण सेवेतच मोडतं, जोवर त्यातून पोषण होतं आणि त्रास कमी होतो. ते बोलणं वर्षानुवर्षं बेशुद्ध असलेल्या रुग्णांबद्दल होतं, पप्पांसारख्यांबद्दल नव्हे, आणि पुढे २००७ च्या खुलाशात अपवादही मान्य केले. तरीही भूक लागते, डोकं चालतं, फक्त गिळता येत नाही, अशा माणसाला पोटातली नळी मला मशीनसारखी जाचक वाटत नाही. आग्रह करू नका, पण विचारा. पाटी पुसण्यामागे पाप-पुण्य नसेल, पोटात भोक पडायची साधी भीती असेल.

राहिला देव. तुमच्या मिस्टरांनी बॅट चांगली फिरवली, पण चेंडू वेगळा आहे. थॉमस अक्वायनस, तेराव्या शतकातला कॅथलिक विचारवंत, आत्महत्येविरुद्ध तीन कारणं देतो. पहिलं, जे आहे ते स्वतःला टिकवू पाहतं, त्या ओढीच्या विरुद्ध जाणं हे स्वतःवरच्या प्रेमाच्या विरुद्ध आहे. दुसरं, माणूस समाजाचा भाग आहे. हे ॲरिस्टॉटलकडून आलेलं. देणगीचा मुद्दा तिसरा. पहिल्या दोघांना देव लागत नाही. माझ्या मते ती दोन्ही देवाशिवाय उभी राहतात, पण लंगडत. एकटा, म्हातारा, वेदनेने पिचलेला माणूस "मला जाऊ द्या" म्हणतो तेव्हा ओढ आणि समाज ही कारणं त्याच्यासमोर कोरडी पडतात. तिथे तिसरंच लागतं.

आणि ते तिसरं लोक चुकीचं समजतात. वाढदिवसाला घड्याळ मिळालं की ते माझं झालं, मी ते विहिरीत टाकीन, देणाऱ्याने का बोलावं? पण अक्वायनसचा देव घड्याळ देऊन निघून गेलेला पाहुणा नाही. जगाला सुरुवात होती हे बुद्धीने सिद्ध करता येत नाही, असं तो स्वतःच म्हणतो. ते श्रद्धेने मानायचं. त्याची साखळी काळात मागे जात नाही. दगड हलतो कारण काठी ढकलते, काठी हलते कारण हात ढकलतो, आणि हे सगळं याच क्षणी. हात थांबला की दगड थांबला. तसं जे आहे ते आत्ता, या घटकेला, कुणीतरी असतेपणात धरून ठेवल्यामुळे आहे, असा त्याचा दावा. तो पटला तर आयुष्य ही एकदा मिळून आपली झालेली चीज राहत नाही, अजून चालू असलेलं देणं होतं, आणि "माझं मी काय वाटेल ते करीन" याला धरायला जागा उरत नाही.

पटलं नाही तर? तरी पप्पांचं काहीच अडत नाही. देवाचा मुद्दा लागतो तो जीव घ्यायला मनाई करण्यासाठी. मशीन नाकारायला तो लागतच नाही, आस्तिकालाही नाही आणि नास्तिकालाही नाही. तुमचा नवरा आणि दादा ज्या खिंडीत भांडतायत, त्या वाटेने पप्पा जातच नाहीयेत.

तर्कट

लेख झाला हा, प्रतिसाद नाही. असो, वाचला पूर्ण. दोन शंका. "कार्य आहे म्हणजे कर्ता असणार" हे आपल्या नैयायिकांनीही (न्यायदर्शनाच्या पंडितांनी) केलंय, आणि वेद मानणाऱ्या मीमांसक कुमारिल भट्टांनीच ते धुवून काढलंय. साखळीला धरणारा हात असला, तरी तो प्रार्थना ऐकतो कशावरून? आणि विनोबांचं उत्तर टाळलंत. धोंड्याचंही.

भुईगावकर

टाळलं नाही, गाडी पकडायची होती.

नैयायिकांचा ईश्वर घडवणारा आहे, कुंभार मडकं घडवतो तसा. मडकं झालं की कुंभार बाजाराला मोकळा. कुमारिलांचा मारा तिथे जोरात बसतो. हात-काठी-दगडवर तो तितका बसत नाही. तुमचा दुसरा प्रश्न मात्र खरा जड आहे. धरणारा एकच, बदलाच्या पलीकडचा, जाणणारा हे अक्वायनस पुढे ओळीने सिद्ध करू बघतो. "जाणणारा" पर्यंत मी त्याच्यासोबत जातो. त्यापुढे "माझ्यावर माया करणारा" हे मला युक्तिवादातून मिळालेलं नाही, घरात मिळालं. ते मी तुमच्या गळ्यात घालणार नाही.

धोंडा: ह्यूम देव आणि माणूस एकाच नोकरीचे दोन उमेदवार समजतो. अक्वायनस म्हणतो, माणसाला बुद्धी देऊन देवाने स्वतःच्या कारभारात वाटेकरी केलंय. धोंडा चुकवणं, औषध घेणं, एखादं औषध सोडणं ही त्या वाट्यातलीच कामं. मनाई एकाच गोष्टीला आहे: जीव संपवणं हाच हेतू धरून काही करणं किंवा मुद्दाम न करणं.

म्हणूनच विनोबांबाबत मी गोलमाल बोलणार नाही. आता देहाचं काम संपलं, तो सोडायचा, म्हणून अन्न थांबवणं याला चर्च हो म्हणत नाही. सावरकरांनी तर या विषयावर आधी लेखच लिहिला होता. तिथे देह जाणं हेच योजलेलं होतं. विनोबांबद्दल माझ्या मनात आदर आहे आणि मतभेदही आहे, दोन्ही राहू द्या. अन्न अंगी लागणंच बंद झालेल्या माणसाने ताट सरकवणं वेगळं, ते विनोबांच्या आणि चर्चच्या, दोन्ही परंपरांत चालतं.

नाईट ड्युटी

आयसीयूत स्टाफ नर्स आहे, धर्म काढू नका, सगळ्यांचे पेशंट सारखेच खोकतात. तत्त्वज्ञान झालं असेल तर कामाचं बोलते.

ताई, पेग लांबवू नका. श्वासाची ताकद निम्म्याखाली आली की तीच छोटी प्रोसिजर धोक्याची होते. पेग बसवली म्हणून तोंडाने खाणं बंद होत नाही, आणि बसवली म्हणजे पुढे व्हेंटिलेटरला सही केली असंही नाही. औषधं तरी ठसका न लागता जातील. पुढे नको झाली तर त्यातून देणं थांबवता येतं. काकांना हे सगळं सांगा, कारण बऱ्याच पेशंटना वाटतं की एकाला हो म्हटलं की सगळ्याला हो.

दुसरं, पाटीवरचं कागदावर आणा. पाटी पुसली जाते. सुप्रीम कोर्टाने ९ मार्च २०१८ ला आगाऊ वैद्यकीय निर्देश मान्य केले, पण मॅजिस्ट्रेटची सही लागायची, कोण जाणार? जानेवारी २०२३ मध्ये ते सोपं झालं. दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. त्यात काय नको तेवढंच नाही, काय हवं तेही लिहा: मास्क हवा, वेदनेचं औषध हवं, घरी राहायचंय. कॉपी डॉक्टरांना द्या, एक कपाटात नाही, दाराजवळच्या ड्रॉवरमध्ये. रात्री तीनला ॲम्ब्युलन्स येते तेव्हा कपाटाची किल्ली कुणाला सापडत नाही. तुमच्या दादालाही एक पाठवा. परदेशातून शेवटच्या दिवशी उतरणारा मुलगा आणि "सगळं करा डॉक्टर" हे आम्ही फार पाहतो.

आणि घुसमटून जातील या भीतीत असाल तर ती पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे त्रास कमी करण्याचे उपचार देणाऱ्या, डॉक्टरांसमोर बोलून दाखवा. या आजारात बहुतेक जण शेवटी गुंगीत जातात. श्वासाच्या त्रासाला थोड्या डोसमध्ये मॉर्फिन चालतं आणि योग्य डोसने माणूस मरत नाही.

आगाशीची लेक

सगळ्यांचे आभार. भुईगावकर, तुमचा प्रतिसाद पप्पांना वाचून दाखवला. अक्वायनसपाशी डोळे मिटले होते, मला वाटलं झोपले. मग दादाला २२७७-२२७८ चा फोटो पाठवायला लावला, पाटीवर "दोन्ही पाठव" असं लिहून. दादाचं उत्तर आलं, "वाचतो." एवढंच. पण रात्री आईला फोन करून अर्धा तास बोलला आणि आई रडली नाही.

नवरा म्हणतो "लंगडत" हा शब्द त्याला आवडला. पुढचं त्याने अजून वाचलेलं नाही.

पेगबद्दल पाटीवर "बसवल्यावर तोंडाने खाता येईल ना?" असं विचारलं. हो म्हटल्यावर मान डोलावली. गुरुवारची वेळ घेतली आहे. आणि त्या व्हितोरियावर त्यांचा शेरा असा: "कोंबडी खायला बांधील नाही, पण मना नाही ना? रविवारी कर."

नाईट ड्युटी

मना नाही, पण तुकडे नकोत. मऊ शिजवा, मिक्सरमधून काढा, रस्सा पातळ ठेवू नका. पातळच जास्त ठसकतं. ताठ बसवा, हनुवटी छातीकडे, छोटा चमचा, एक गिळून झाल्याशिवाय दुसरा नाही. खाल्ल्यावर अर्धा तास आडवं करू नका. आणि रविवारच्या आधी एकदा स्पीच थेरपिस्टकडून गिळणं तपासून घ्या, त्या सांगतील किती घट्ट चालेल ते.